३ ते ६ वर्षांच्या मुलांचा कारक (हालचालींचा) विकास बालवाडीत नेमका कसा तपासायचा?

बालवाडीताई विचारतात:

आमच्या बालवाडीत ३ ते ६ वयाची २४ मुलं आहेत. प्रगतिपत्रकात 'स्थूल स्नायू विकास' (धावणं, उडी अशा मोठ्या हालचाली) आणि 'सूक्ष्म स्नायू विकास' (हाता-बोटांची बारीक कामं) असे दोन रकाने आहेत. प्रत्येकासमोर चांगला, मध्यम, सुधारणा हवी यांपैकी एकावर खूण करायची असते. त्या खुणेवरून पालकांना काही कळत नाही, पुढच्या वर्गाच्या बाईंनाही नाही. 'मध्यम' म्हणजे मूल नेमकं काय करतं आणि कुठे अडतं, हे लिहायचं आहे.

जागा अशी: एक खोली, समोर १२ मीटर लांबीचं मुरमाचं अंगण, दोन पायऱ्या. सामान म्हणजे चेंडू, खडू, मणी, पाट्या. मी आणि मदतनीस अशा दोघीच.

तीन गोष्टी हव्यात. एवढ्या सामानात काय काय तपासावं आणि कसं? भिंतीवर त्रिवेंद्रम तक्ता (बाळाचा विकास वयानुसार होतोय का हे बघण्याचा) लावलेला आहे, तो या वयाला चालेल का? आणि कोणत्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचं, कोणाला नुसता सराव द्यायचा, हे कशावरून ठरवायचं?

---

खडूफळा (बालशिक्षण प्रशिक्षक):

ताई, तक्त्याचं आधी सांगते. तिरुवनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरचा मूळ तक्ता १७ टप्प्यांचा आहे आणि तो जन्मापासून २ वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आहे. चार वर्षांच्या मुलाला तो लावला तर जवळजवळ प्रत्येक मूल 'ठीक' येणार. त्यामुळे तुमच्या वर्गात त्याचा उपयोग नाही.

आता तपासणी. पहिली चूक वयातच होते. 'चार वर्षांचा' असं लिहू नका, वर्षं-महिने काढा. तपासणी १० जुलै २०२५ला आणि जन्म २४ ऑक्टोबर २०२१चा असेल, तर ३ वर्षं ८ महिने १६ दिवस. याला चार वर्षांचा धरला की तो उगाचच मागे दिसतो. दाखल्यावर १ जून तारीख असेल तर आईला दवाखान्याचं कार्ड मागा. आपल्याकडे शाळेच्या सोयीची जन्मतारीख किती घरांत आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. ३ ते ४ या वयात सहा महिन्यांचा फरक फार मोठा असतो.

एका मुलाला १२ ते १५ मिनिटं लागतात. दिवसाला चार मुलं घेतली तर सहा दिवसांत वर्ग होतो. वेळ सकाळची ठेवा, खाऊ होऊन अर्धा तास झाल्यावर. जेवणानंतर किंवा सुटीच्या आधी घेऊ नका. मूल अनवाणी असू द्या. एक माप मोठ्या चपला हेच निम्म्या 'तोल जातो' नोंदींचं कारण असतं. खडे आधी झाडून घ्या. बाकीची मुलं मदतनिसांबरोबर खोलीत असू द्या, कारण रांगेत उभं राहून बघणारं मूल पुढच्याची नक्कल करतं आणि हसणारी मुलं असली की बुजरं मूल पाय उचलतच नाही.

अंगणात खडूने किंवा चुन्याने या खुणा करा:

– धावण्यासाठी ८ मीटरची पट्टी, पुढे थांबायला २-३ मीटर मोकळे. भिंतीपर्यंत धावायला लावलं की मूल आधीच वेग कमी करतं.
– ३ मीटरची सरळ रेघ, साधारण ५ सेंटिमीटर रुंद.
– चेंडूसाठी समोरासमोर दोन फुल्या, दीड-दोन मीटर अंतरावर.

चेंडू दोन लागतील, एक २० सेंटिमीटरचा हलका आणि एक टेनिस चेंडूएवढा. शिवाय १० बाय १० सेंटिमीटरची कापडी पिशवी, आत चिंचोके भरून शिवलेली. पिशवी उसळत नाही, घरंगळत नाही, त्यामुळे झेलणं नीट दिसतं.

प्रत्येक कृती आधी स्वतः एकदा पूर्ण करून दाखवा, कमी बोलून. मग मुलाला एक सरावाची फेरी आणि त्यानंतर नोंदीच्या दोन फेऱ्या. नोंदीच्या फेरीत हात धरायचा नाही, 'अजून वर उचल' सांगायचं नाही. इथे शिक्षिकेचाच हात शिवशिवतो. पण तुम्ही बोट दिलंत की नोंद तुमच्या बोटाची होते.

काय घ्यायचं: धावणं, दोन्ही पायांनी उडी, एका पायावर उभं राहणं, लंगडी, रेघेवरून चालणं, पायऱ्या चढणं-उतरणं, पिशवी झेलणं, चेंडू फेकणं, चेंडूला लाथ मारणं. बैठ्या कामात मणी ओवणं, ठोकळ्यांचा मनोरा, आकृती बघून काढणं, कात्री, गुंडी लावणं.

लंगडी मुद्दाम सांगते, कारण आपल्या मुलांना ती ओळखीची आहे आणि एकाच कृतीत पायाची ताकद, तोल आणि लय तिन्ही दिसतात. 'जमली / नाही जमली' लिहू नका. चार गोष्टी बघा. सलग चार उड्या होतात का? उचललेला पाय मागे राहतो, की मध्येच जमिनीला टेकतो? तो पाय झोका घेऊन उडीला जोर देतो का? हात उडीबरोबर हलतात, की छातीशी आवळलेले असतात? प्रत्येकाला १ किंवा ०. मग दुसऱ्या पायाने. नोंद अशी दिसेल: 'लंगडी: उजवा ४ उड्या, डावा १; हात आवळलेले; पाय झोका घेत नाही.' ही ओळ पुढच्या बाईंना तुमच्या 'मध्यम'पेक्षा कितीतरी जास्त सांगते.

झेलण्यातही तसंच. पिशवी खालून, हळू, मुलाच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात आली तरच फेरी धरायची. वेडीवाकडी गेली तर ती तुमची चूक, फेरी पुन्हा घ्या. आधी हात पुढे येतात का, की पिशवी अंगावर आदळल्यावर मिठी मारली जाते? ३ वर्षांचं मूल मिठी मारणारच. ५ वर्षांच्या मुलाने तळहातांनी झेलायला हवं. मान फिरवून डोळे मिटले तर तेही लिहा.

वयाचे ढोबळ अंदाज देते. हे पास-नापासाचे आकडे नव्हेत. एका पायावर ३ वर्षांना एक-दोन सेकंद, ४ वर्षांना चार-पाच, ५ वर्षांना आठ-दहा. जिना चढताना एका पायरीवर एकच पाऊल साधारण ३ वर्षांना, उतरताना तसं ४ वर्षांना. लंगडी ४ वर्षांच्या आसपास सुरू होते. आकृत्यांत गोल ३ वर्षांना, अधिकचं चिन्ह ४ वर्षांना, चौकोन साडेचारच्या पुढे, त्रिकोण ५ वर्षांना. आकृती आधीच काढलेली दाखवायची, मुलासमोर काढायची नाही. समोर काढली तर मूल तुमच्या हाताची हालचाल उचलतं, आणि ते काम सोपं असतं.

---

पाऊलवाट (बालरोग फिजिओथेरपिस्ट):

वरच्या उत्तराशी सहमत. मी फक्त 'कधी पाठवायचं' यावर लिहितो, कारण तिथे उशीर महाग पडतो.

बालवाडीत तुम्हाला निदान करायचं नाही. पण खालच्या गोष्टी दिसल्या तर सराव देत बसू नका, थेट पाठवा.

१. आधी येत असलेली गोष्ट आता येत नाही. चार महिन्यांपूर्वी पायऱ्या चढणारं मूल आता कठडा धरतं, हे कोणत्याही गुणांपेक्षा गंभीर आहे. यात थांबायचं नाही.

२. दोन बाजूंत ठळक फरक. धावताना एकच हात कोपरात वाकून अंगाशी येतो, मूठ वळते. एकाच पायाचा पंजा घासतो. हे चालताना दिसत नाही, वेगात दिसतं. म्हणून धावण्याची फेरी कधी वगळू नका. एका पायाची चप्पल पुढून जास्त झिजली आहे का, तेही बघा.

३. जमिनीवरून उठण्याची पद्धत. मुलाला उताणं झोपवा आणि 'ऊठ' म्हणा. निरोगी मूल कुशीवर वळून किंवा सरळ बसून झटकन उठतं. जे मूल आधी पालथं होतं, चारही हातपाय टेकतं आणि मग स्वतःच्या गुडघ्या-मांड्यांवर हात ठेवत ठेवत 'वर चढतं', त्याच्या कंबरेचे-मांडीचे स्नायू अशक्त आहेत. मुलगा असेल, पोटऱ्या जाड आणि टणक लागत असतील, पळता येत नसेल, तर डुशेन स्नायुक्षयाची (स्नायू हळूहळू क्षीण करणारा आनुवंशिक आजार) शंका घ्यावी लागते. त्यासाठी पहिली तपासणी साधी आहे, रक्तातलं सीपीके (स्नायूंमधलं एक विकर). अशा मुलांना 'आळशी', 'जाडा' म्हणण्यात वर्षं जातात. ताई, वर दिलेल्या कृतींच्या यादीत ही नाही. ती घालाच. एक मिनिट लागतं.

४. सतत चवड्यांवर चालणं. मुलाला उकिडवं बसवा. टाचा जमिनीला टेकल्या, तर पोटरीचा स्नायू आखडलेला नसावा, सवय असू शकते. टाचा टेकतच नसतील, किंवा एकाच पायाची टेकत नसेल, तर दाखवा. आपली मुलं उकिडवी बसतात, त्यामुळे वेगळं यंत्र न वापरता हे दिसतं.

५. पाय फाकवून डोलत चालणं नव्याने सुरू झालं, किंवा वस्तू उचलताना हात थरथरतो.

तळवे सपाट आहेत म्हणून या वयात सहसा घाबरायचं कारण नसतं. मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली आणि दुखत नसेल, तर सोडून द्या.

आणखी एक. पिशवी झेलता येत नाही याचं कारण डोळ्यांत असू शकतं, सूचना पाळत नाही याचं कानांत, दोन फेऱ्यांत धाप लागते याचं रक्तक्षयात. त्याच महिन्याचा वजन-उंचीचा तक्ता शेजारी ठेवा. ५ वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर तो अतितीव्र कुपोषणाचा निकष आहे. त्या मुलाची लंगडी तपासण्याआधी त्याच्या आहाराचं बघायला हवं.

---

बालवाडीताई:

उठण्याची कृती घातली. दोन शंका. ४ वर्षं २ महिन्यांची एक मुलगी पेन्सिल मुठीत धरते आणि कात्री अजिबात चालवत नाही. बाकी धावणं, लंगडी छान. तिला 'सूक्ष्म स्नायू: सुधारणा हवी' म्हणायचं का? दुसरं, एक मुलगा सातव्या महिन्यात जन्मलेला, आता ३ वर्षं ५ महिन्यांचा. त्याच्या वयातून दोन महिने वजा करायचे का?

---

मणीमाळ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट):

दुसऱ्याचं उत्तर लहान आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय ४० आठवड्यांच्या हिशेबाने दुरुस्त करण्याची पद्धत साधारण २ वर्षांपर्यंतच पाळतात. आता खरं वय धरा. पण जन्म लवकरचा आहे हे नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहा आणि त्याच्या दोन बाजूंतल्या फरकाकडे जास्त लक्ष द्या.

मुलीचं. कात्री आणि पेन्सिल या दोन गोष्टींवरून काही ठरवू नका. आधी आईला विचारा, घरी कात्री कधी हातात दिली आहे का? बऱ्याच घरांत धारदार म्हणून ती उंचावर असते. न मिळालेल्या वस्तूचं कौशल्य मोजलं तर आपण घर मोजतो, मूल नाही. म्हणून अशा मुलांसाठी घरात रोज होणारी कामं घ्या: शेंगा सोलणं, मटार काढणं, कणकेच्या बारीक गोळ्या करणं, डब्याचं फिरकीचं झाकण उघडणं, फ्रॉकच्या गुंड्या. शेंगा सोलताना अंगठा आणि तर्जनीची टोकं एकमेकांना भेटतात का, आणि दुसरा हात शेंग धरून ठेवतो का, हे बघा. दुसऱ्या हाताची मदत ही निम्मी गोष्ट असते आणि नोंदीत ती नेहमी सुटते.

मग बरणीची परीक्षा. अरुंद तोंडाची बरणी, दहा चिंचोके. एका हाताने एकेक उचलून टाकायचे, आधी उजव्या, मग डाव्या हाताने. त्यानंतर तीन चिंचोके एकाच वेळी तळहातात धरून, एकेक बोटांच्या टोकाशी आणून टाकायला सांगा. ४ वर्षांची बरीच मुलं इथे दुसऱ्या हाताची मदत घेतात, ते चालतं. पण साधं उचलतानाच चिंचोका चारही बोटांनी खरवडून तळहातात घ्यावा लागत असेल, तर ती नोंद महत्त्वाची. (वर्गात ३ वर्षांखालचं भावंड येऊन बसत असेल तर चिंचोके मोजून काढा आणि मोजून ठेवा. घशात अडकतात.)

पेन्सिलची पकड क्रमाने बदलते: मूठ, मग सगळी बोटं खाली वळवून, मग साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटांत पण मनगटातून हलणारी, आणि साडेचार ते सहाच्या दरम्यान बोटांतून हलणारी. सव्वाचार वर्षांना मूठ म्हणजे मागे आहे, पण हे सुधारण्यासारखं आहे. लांब पेन्सिल काढून घ्या. दोन-अडीच सेंटिमीटरचे खडूचे तुकडे द्या. एवढा तुकडा मुठीत मावतच नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. पाटी मांडीवर घेतल्यावर मनगट आत मुडपतं, म्हणून रोज दहा मिनिटं उभ्या फळ्यावर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला काढू द्या. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं आणि अंगठा मोकळा होतो. कात्रीसाठी आधी चिमटा: कपड्यांचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावणं. मग जाड कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या, एका कापात तुटतील अशा. पातळ कागद देऊ नका, तो पात्यात दुमडतो आणि मूल कंटाळतं. ती डावखुरी असेल तर डावखुऱ्यांची कात्री हवी. साध्या कात्रीची पाती डाव्या हातात उलट दिशेने दाबली जातात आणि कागद कापत नाही. हात हलका आहे असं वाटतं, पण दोष कात्रीचा असतो.

सहा ते आठ आठवड्यांनी त्याच कृती, त्याच सामानाने पुन्हा. बदल दिसला तर संधी कमी मिळाली होती. काहीच हललं नाही आणि गुंड्या, शेंगा, आकृती यांतही मागे असेल, तर पाठवा.

---

आकडेमोड (क्रीडाशास्त्र, शारीरिक शिक्षण):

छापील चाचण्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नावं सारखी कानावर येतात आणि गोंधळ होतो.

डीएएसआयआय (डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल फॉर इंडियन इन्फन्ट्स) ही प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातल्या कामातून आलेली भारतीय मापनश्रेणी. ती ३० महिन्यांपर्यंतच आहे, त्यात कारक विकासाचे ६७ घटक आहेत, आणि ती प्रशिक्षित व्यक्तीनेच लावायची. तुमची मुलं तिच्या वयाबाहेर गेली. टीजीएमडी-३ (टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट) ही ३ वर्षं ते १० वर्षं ११ महिने या वयासाठी, १३ कौशल्यांची. हालचाल कशी झाली हे ती बघते. खडूफळा यांनी सांगितलेली ० / १ ची लंगडी त्याच जातीची. एमएबीसी-२ (मूव्हमेंट असेसमेंट बॅटरी फॉर चिल्ड्रेन) ही ३ ते १६ वर्षांसाठी, आणि ती किती सेकंद, किती झेल असं फलित मोजते. तिच्यात ५ व्या शतमकापर्यंत (त्या वयाच्या १०० मुलांत खालून पाचव्या क्रमांकापर्यंत) लाल, त्यापुढे १५ व्यापर्यंत पिवळा, वर हिरवा अशी विभागणी आहे. दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. तीन मीटर चेंडू फेकणारं मूल खांदा न वळवताही फेकू शकतं. फलितात ते पास होतं, पद्धतीत अडकतं.

माझा आग्रह एकच: घरगुती कृतींची बेरीज करून '२० पैकी १३' असं काही पत्रकावर छापू नका. ज्या आकड्यामागे त्या वयाच्या मुलांचे तक्ते नाहीत, तो आकडा खोटा आहे. लंगडीचा १ आणि गुंडीचा १ यांची बेरीज होत नाही. शिवाय झेलणं-फेकणं यांत मुलगे आणि मुली यांचे निकाल वेगळे येतात. टीजीएमडीत चेंडूच्या भागासाठी दोघांचे तक्ते म्हणूनच वेगळे ठेवले आहेत. अंगणात चेंडू कोणाच्या हातात जास्त वेळ असतो, हे एक आठवडा मोजून बघा. मुलींच्या हातात तो कमी जात असेल तर तपासणीआधी ते बदला.

दुसरं, तुमची आणि मदतनिसांची नजर जुळते का ते तपासा. पाच मुलांच्या लंगडीचं मोबाइलवर चित्रण घ्या. पालकांची लेखी परवानगी आधी, आणि नोंद झाली की चित्रफीत पुसून टाका. मोबाइल बाजूने, मुलाच्या कमरेच्या उंचीवर. समोरून घेतलं तर मागचा पाय दिसत नाही. दोघींनी वेगवेगळ्या कागदावर गुण द्या आणि मग ताडून बघा. जिथे फरक येतो तिथे निकषाचं वाक्य ढिलं आहे. 'पाय नीट मागे' याऐवजी 'दोन्ही पाय एका रेषेत येतात तेव्हा उचललेलं पाऊल मागेच राहतं' असं लिहिलं की वाद मिटतो.

---

नवीनआई:

जरा बाजूचा प्रश्न. १३ महिन्यांचं बाळ रांगलंच नाही, बसून सरकतं, धरून उभं राहतं. चाकांचा वॉकर द्यावा का?

---

पाऊलवाट:

वॉकर नको. त्यात बाळ चवड्यांनी ढकलतं आणि स्वतःचे पाय-तोल वापरत नाही. उंबरठा, जिना, चुलीकडे वेगाने जातं. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली मुलं होती. त्यांतली ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालली. स्वतंत्र चालण्याचा काळ त्यात ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला आहे. तुमचं बाळ धरून उभं राहतं, ही चांगली गोष्ट. मात्र सरकताना एकच बाजू वापरतं का, एका हाताची मूठ बंद असते का, हे बघा. दीड वर्षाआधी एकाच हाताची ठाम निवड हीसुद्धा दाखवण्याची गोष्ट आहे. १८ महिन्यांना चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

---

बालवाडीताई:

पाठवायचं म्हणजे नेमकं कुठे? आणि चिठ्ठीत काय लिहू? पालक घाबरतात.

---

खडूफळा:

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तुमची बालवाडी खासगी असेल तर जवळच्या अंगणवाडी सेविकेकडून पुढची तारीख घ्या आणि मुलाला त्या दिवशी तिथे न्या. पथक पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात पाठवतं. पाऊलवाट यांच्या यादीतलं काही असेल तर पथकाची वाट बघू नका, पालकांना सरळ बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

चिठ्ठीत रोगाचं नाव, 'मंद', 'कमजोर' असे शब्द नकोत. जे दिसलं तेवढंच: 'वय ४ वर्षं ७ महिने. उताणं झोपून उठताना दोन्ही हात मांड्यांवर टेकवतो, तीन वेळा पाहिलं, १२ आणि १९ तारखेला. पायरी चढताना कठडा धरतो. जूनमध्ये धरत नव्हता. वजन-उंचीची नोंद चिठ्ठीच्या मागच्या बाजूला.' सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळची कागदपत्रं आणि पालकांनी घरी घेतलेली उठतानाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. डॉक्टरांसमोर मूल कित्येकदा आईच्या कडेवरून उतरतच नाही. तेव्हा ती चित्रफीत कामाला येते.

आईशी बोलताना चिठ्ठी हातात देण्याआधी तिलाच विचारा, 'घरी तो जमिनीवरून कसा उठतो?' बहुतेक वेळा तिने ते आधीच पाहिलेलं असतं.